मामाचा आंबा आणि तिवराचा जीन

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडायची तर आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघावं लागतं. ओहोटीला मोरा बंदरात इतका गाळ असतो की लाँच लागतच नाही. 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल आली, अटल सेतूही झाला, म्हणजे मामाकडे जायला आता दोन नवे रस्ते आहेत. पण आई अजून लाँचच म्हणते. माहेरी जाताना मध्ये समुद्र लागलाच पाहिजे, हा तिचा फंडा.

यंदा फेब्रुवारीत आम्ही गेलो ते आंबा बघायला. खायला नाही, बघायला. मामाच्या परसातलं हापूसचं कलम आजीने आईच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं, माझ्याहून तीन वर्षांनी मोठं. आजूबाजूला भराव पडत गेला, पाणी निघून जायच्या वाटा बुजल्या आणि गेली काही वर्षं उधाणाचं पाणी थेट परसात येऊन बसतं. पानांच्या कडा लायटरने शेकल्यासारख्या करपल्यात. मोहोर फक्त एका फांदीला. आई झाडाखाली उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. आमच्या घरात हे सॉलिड सिरीयस समजलं जातं.

मामा मात्र बोलला. ‘‘काय गो पोरी, तू पेपरात लिवतेस ना? मंग त्या शास्त्रज्ञांना इचार. कापसात जीन टाकला तसा आंब्यात टाका म्हणावं. खारं पाणी पिऊन जगल असा.’’

मी हसले. खरं सांगायचं तर जरा वरूनच हसले. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला बीटी कापूस खाल्ला, त्यावर मास कॉमला असताना मी प्रोजेक्ट केला होता. शेवटी ‘निसर्गाशी खेळ’ वगैरे ठोकून दिलं होतं. सरांना आवडलं. त्यामुळे जीएम म्हटलं की आपलं मत ठरलेलं, विषय संपला.

पण रात्री मामाच्या ओटीवर मोबाइल घेऊन वाचत बसले आणि माझ्या लक्षात आलं की मामाचा प्रश्न अजिबात येडपट नाही. उलट त्याच्या उत्तराचा अर्धा भाग त्याच्या घराच्या मागेच उभा आहे.

तिवर! लहानपणी मामा आम्हाला तिवराचं पान चाटायला लावायचा. खारट लागतं, कारण हे झाड शोषलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांनी याच तिवराचा, अविसेनिया मरीनाचा, एक जीन काढून भातात घातला आणि ते भात प्रयोगशाळेत खारटपणा जास्त सहन करू लागलं. या जीनपासून सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम बनतं. मीठ, दुष्काळ, थंडी असा ताण आला की झाडाच्या पेशीत ऑक्सिजनची घातक रूपं साठतात. हे एन्झाइम ती साफ करतं. पेशीतली झाडूपोछावाली बाई म्हणा ना.

आता भात एका हंगामाचं. झाडाचं काय? तर तेही झालंय. कोट्टायमच्या भारतीय रबर संशोधन संस्थेने याच जातकुळीतला, रबराच्याच झाडातला जीन घेऊन त्याच्या जादा प्रती पुन्हा रबरात घातल्या. 2010 च्या सुमारास चाचण्यांसाठी केंद्राच्या समितीने ज्या जागांना हिरवा कंदील दिला, त्यातली एक केरळात होती आणि दुसरी चक्क आपल्या डापचरीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. केरळ सरकारने विरोध केला. शेवटी जून 2021 मध्ये रोप जमिनीत लागलं ते आसाममध्ये, गुवाहाटीजवळ. तिथल्या थंडीत रबराची वाढ थांबते, ती थांबू नये म्हणून.

मग आंब्यातही टाका की! एवढ्यावर मी जवळजवळ आले होते. मग अमेरिकन चेस्टनटची गोष्ट वाचली आणि झोप उडाली.

चेस्टनट हे तिथल्या पूर्वेकडच्या जंगलांचं राजेशाही झाड. 1904 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका परदेशी बुरशीचा रोग दिसला आणि पुढच्या 50 वर्षांत अब्जावधी झाडं गेली. शास्त्रज्ञांनी गव्हातला एक जीन घालून बुरशीला पुरून उरणारं झाड तयार केलं, ‘डार्लिंग 58’. वर्षानुवर्षं चाचण्या झाल्या, सरकारी परवानगीचा अर्ज झाला. आणि 2023 च्या शेवटी कळलं की ज्या झाडांवर हे सगळं चाललं होतं ती 58 नव्हतीच. लेबलांचा घोळ! ती होती 54, जिच्यात जीन भलत्याच जागी बसला होता. झाडं अपेक्षेसारखी वाढतही नव्हती. या कामाच्या पाठीशी असलेल्या अमेरिकन चेस्टनट फाउंडेशनने पाठिंबा काढून घेतला.

हा घोळ कापसात झाला असता तर पुढच्या जूनला दुसरं बियाणं पेरलं असतं. आंब्याला पहिलं फळ यायलाच चार-पाच वर्षं. चूक कळेपर्यंत त्याचे पराग माश्यांनी शेजारच्या चार वाड्यांत पोचवलेले असणार. आणि आजीच्या झाडाच्या काड्या अख्ख्या आळीत गेल्यात, कुणी पैसे विचारले नाहीत. पेटंटवाल्या झाडाची काडी देताना मामाने लायसन्स मागायचं का?

तरी चेस्टनटवाल्यांना मी नावं ठेवणार नाही. झाडांची अख्खी जात चालली असेल तर मीही लॅबचं दार वाजवीन. मोऱ्याच्या आंब्याचं तसं नाही. त्याला रोग नाही, त्याच्या परसातलं पाणी अडवलंय. उद्या झाडं खारं पाणी प्यायला शिकली, तर वाटा मोकळ्या करा म्हणून कोण कुणाला सांगणार? आणि ज्या तिवराकडून जीन उसना घ्यायचा, त्याची तोड थांबवायला हायकोर्टाला 2005 मध्ये आदेश काढावा लागला, 2018 मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

सकाळी चहाबरोबर हे सगळं मी मामाला ऐकवलं. जरा भाषणच झालं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘वाट मोकली व्हईल तवा व्हईल. झाड आज मरतंय.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सावरून घ्यायला म्हणून इस्राएलचं सांगितलं. तिथे खाऱ्या पाण्यावर तगणारी आंब्याची रोपं निवडून ‘13-1’ नावाचा खुंट तयार केलाय. जीनला हात नाही, नुसती निवड. खाली तो खुंट, वर हवं ते कलम.

मामा उठला आणि मला विहिरीमागे घेऊन गेला. तेलाच्या डब्यांत रायवळची रोपं. गेल्या पावसात 11 कोयी लावलेल्या, विहिरीचं आता मचूळ झालेलं पाणीच घालत होता. सात मेली. चार उभी आहेत, पानं हिरवी.

‘‘मंग मी येगलं काय करतोय?’’

हे काही संशोधन नाही, चार डब्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण पावसात या चारांवर कलम बांधायचं ठरलंय. काडी आजीच्या झाडाची. त्यासाठी ते झाड जूनपर्यंत टिकलं पाहिजे, एखादी तरी निरोगी फांदी राहिली पाहिजे. आई रोज रात्री मामाला फोन करते. आधी पाणी किती आलं विचारते, मग पालवी.