भाजे लेणीत हात स्थिर ठेवण्याचा धडा

आमच्या विहारातील वयोवृद्ध आक्कांना गुडघ्यांमुळे आता लेणी चढवत नाहीत. म्हणून मागे एकदा भाजे लेणीची चित्रफीत काढून आणली आणि विहाराच्या भिंतीवर दाखविली. पाचच मिनिटांत आक्कांनी डोळे मिटून घेतले. "भाऊ, लेणी हालतीया का मी?" असे विचारले. चक्कर आली होती बिचाऱ्यांना. आमचा हात आणि आमची चाल, दोन्ही त्या पडद्यावर उघडी पडली.

यावेळी भाच्याचे गिंबल मागून घेतले. हे म्हणजे मोबाईल पकडणारी मूठ. तिच्यात तीन लहान मोटारी असतात. हात कलला की त्या उलट फिरतात आणि मोबाईल सरळ ठेवतात.

पुण्याहून लोणावळा लोकल धरली. वाटेत देहूरोड आले की आमचे हात आपोआप जोडले जातात. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. मळवलीला उतरून पायी भाजे गाव आणि मग पायऱ्या. वर लोहगड-विसापूर ढगात होते. रखवालदाराने यंत्राकडे संशयाने पाहिले. तिपाईला परवानगी लागते. ही तिपाई नाही, हातातच धरायची आहे, हे पटल्यावर त्याने सोडले.

सुरुवातच फसली. मोबाईल नीट मधोमध न बसवताच कळ दाबली. मोटारी कुरकुरू लागल्या आणि मूठ थरथरू लागली. बंद केले, मोबाईल सरकवून असा बसविला की हात सोडला तरी कलू नये, मग चालू केले. कुरकुर थांबली. पहिल्या फेरीत डावे-उजवे डोलणे गेले, पण प्रत्येक पावलाला चित्र खालीवर उसळत होते. मोटारी कलणे सावरतात, उसळी सावरत नाहीत. ती आपल्याच गुडघ्यांनी सावरायची. गुडघे किंचित वाकवायचे, कोपरे अंगाशी धरायची, मूठ दोन्ही हातांत घ्यायची, आधी टाच आणि मग सावकाश चवडा टेकवायचा. भरलेली कळशी घेऊन चालणाऱ्या बाया हेच करतात. आमच्यासारख्या खुर्चीत बसून लिहिणाऱ्या माणसाला ते या वयात शिकावे लागले!

बारा क्रमांकाचे चैत्यगृह दोन हजार वर्षांहून जुने आहे. आत बुद्धमूर्ती नाही, साधा स्तूप आहे. भोवती २७ अष्टकोनी खांब, आणि छताला त्या काळच्या लाकडी कमानी अजून आहेत. पडद्यावर खांब आत कललेले दिसले. यंत्र बिघडले असे समजून दोनदा बंद-चालू केले. मग मान वर केली, तर खांबच कललेले! लाकडी बांधकामात छताचा भार पेलायला खांब तसे तिरपे लावीत, तीच ठेवण कारागिरांनी दगडात उतरविली.

आत उजेड कमी. भरभर चाललो तर चित्र स्थिर असूनही पुसट येत होते, म्हणून आणखी हळू चाललो. स्तूप उजव्या हाताला ठेवून खांबांमागच्या अरुंद वाटेने प्रदक्षिणा घेतली. खांबाआडून स्तूप दिसे, लपे, पुन्हा दिसे. इतक्या सावकाश प्रदक्षिणा आम्ही आयुष्यात कधी घेतली नव्हती. पुढे १४ लहान स्तूपांचा समूह आहे, काहींवर थेरांची नावे कोरलेली. तेथे मूठ जमिनीलगत नेऊन चित्रण केले. कंबर मात्र दोन दिवस बोलत होती.

पुढच्या रविवारी विहारात पडदा लावला. आक्का पुढेच बसल्या. शेवटपर्यंत डोळे उघडे होते. मग हळूच म्हणाल्या, "चक्कर नाही आली बाबा. पण खांब वाकडे दिसत्यात. तू तिरका धरला व्हतास का?"

"नाही आक्का, ते मुळातच तसे आहेत."

"मंग परत लाव, नीट बघू दे."