दुसरी तार

चार वर्षांपूर्वी गिटार घेतली तेव्हा आमच्या गावात पेटी-तबल्याचे क्लास होते, गिटार शिकवणारं कुणी नव्हतं. मग मोबाइल डब्याला टेकवून ठेवला आणि जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाचे धडे लावले. २००३पासून हा माणूस इंटरनेटवर मोफत शिकवतोय, आणि मन लावून शिकवतोय. एका मिनिटात दोन कॉर्ड (एकत्र छेडायचे स्वर) किती वेळा बदलता येतात ते मोजायचं आणि आकडा ६०पर्यंत न्यायचा, हा त्याचा व्यायाम मी रोज केला. पहिल्या दिवशी ए ते डी ११ वेळा झालं. बोटांची टोकं आधी सोलवटली, मग तिथे घट्टे पडले.

अडलं ते 'एफ' कॉर्डपाशी.

एफसाठी पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या पहिल्या घरात, तर्जनी सहाही तारांवर आडवी ठेवायची आणि उरलेल्या तीन बोटांनी आकार धरायचा. व्हिडिओ थांबवून, वेग निम्मा करून ती तर्जनी कितीदा पाहिली असेल! माझा हातही अगदी तसाच दिसायचा. पण छेडलं की दुसरी तार ठप्प. दाब वाढवला, अंगठा ठणकू लागला, तार मुकीच राहिली. दोन महिने असे गेले.

एका रात्री माझं वाजवणं फोनवर रेकॉर्ड केलं, एकेक तार सुटी छेडून. पाचवी, चौथी, तिसरी खणखणीत वाजत होत्या. त्या तिन्ही तर बाकीच्या बोटांनी दाबलेल्या! म्हणजे तर्जनीकडे खरं काम सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारांचं. त्यातली दुसरी नेमकी माझ्या पेराच्या खाचेत बसत होती. बोट केसभर वर सरकवलं, अंगठ्याच्या बाजूला जरासं कलतं केलं, आणि तार बोलली. जोर आधीपेक्षा कमीच लागला. पुढचा सराव पाचव्या फ्रेटवरून केला. तोच आकार तिथे धरला की ए होतो, आणि नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीपासून, लांब असल्यानं तारा सहज दबतात. तिथून एकेक फ्रेट मागे येत एफला पोचलो.

गुरूसमोर बसून शिकावं असं आपल्याकडे का म्हणतात, ते मला त्या रात्री उमगलं. समोर बसलेल्या गुरूनं ती मुकी तार पहिल्याच दिवशी ऐकली असती. पडद्यावरच्या शिक्षकापर्यंत ती पोचणारच नव्हती. ते ऐकण्याचं काम माझं होतं आणि मी ते दोन महिने केलं नव्हतं. आता दर रविवारी रेकॉर्ड करतो. कॉर्ड बदलताना लय पळते, हेही त्यातच सापडलं.

तुम्ही असं शिकत असाल तर धडा बघून झाल्यावर तो बंद करा. दोन मिनिटं वाजवा, रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. लगेच नको. लगेच ऐकलं तेव्हा मला तरी चुका सापडल्या नाहीत.