प्राथमिक रंग कोणते?

संपादकांनी विषय दिला तो 'रंगसिद्धान्त, सोप्या भाषेत'. सोपं लिहायला माझी ना नाही, पण हा विषय नुसता वाचून कळत नाही, हे आधीच सांगते. रायपूरला समता कॉलनीत मी चित्रकलेचा वर्ग घेते. तिथं सुरुवातीला कुणालाच चित्र काढू देत नाही. रंग मिसळायचे, कागदाचे तुकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि दिसेल ते वहीत टिपायचं. "मॅडम, भिंतीवर लावण्यासारखं कधी काढणार?" हे पालकांचं विचारणं दर बॅचला ठरलेलं.

गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीनं शाळेच्या पेपरात प्राथमिक रंग लिहिले ते मॅजेंटा, पिवळा आणि सायन. उत्तर चुकीचं धरलं गेलं. हवं होतं लाल, पिवळा, निळा. आई तिला घेऊन आली. "मॅडम, हिनं पेपरात काय लिहायचं तेवढं सांगून टाका." मी म्हटलं, पुस्तकातलं लिही. त्यावर मुलीनं विचारलं, "मग आपण वर्गात केलं ते चुकीचं का?" ते 'चुकीचं का' अजून डोक्यातून जात नाही.

वर्गात तिनं केलं होतं ते असं. पोस्टर रंगातला शेंदरी झाक असलेला लाल आणि अल्ट्रामरीन निळा मिसळला. पुस्तकाप्रमाणे जांभळा यायला हवा. आला मळकट तपकिरी. मग लालाच्या जागी मॅजेंटा घेतला आणि लख्ख जांभळा उतरला. कारण असं की रंगद्रव्य उजेडात भर घालत नाही, त्यातला काही भाग गिळतं. शेंदरी लाल हिरवा उजेड गिळतो आणि निळाही. त्यात अल्ट्रामरीन मिसळला की तो लाल गिळतो. मग परत यायला फारसं उरतच नाही. मॅजेंटा मुख्यतः हिरवा गिळतो, सायन लाल, पिवळा निळा. प्रत्येकाचा वाटा वेगळा, म्हणून या तिघांतून सर्वांत जास्त रंग निघतात. या अंकाचं मुखपृष्ठ भिंगाखाली धरा: हेच तीन रंग आणि काळा, यांचे ठिपके दिसतील. छापखान्यात रोज जे चालतं ते शाळेत चूक ठरतं, याचा मला राग येतो.

लाल-पिवळा-निळा ही चित्रकारांची जुनी कामचलाऊ रीत. शाळांतून ती घट्ट बसली त्यात योहान्स इटेनच्या बारा भागांच्या रंगचक्राचा मोठा हात आहे. त्याचं रंगावरचं पुस्तक 1961 चं. इटेनबद्दल मला आदरच आहे. 1919 पासून जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत त्यानं जो पायाभूत अभ्यासक्रम चालवला त्यात साहित्य हाताळणं आणि विरोधी गोष्टी शेजारी ठेवून पाहणं हाच गाभा होता. 1922 साली कोलकात्यात बाउहाउसचं प्रदर्शन झालं, त्यात त्याचीही कामं होती. आपल्याकडे मात्र त्याचं चक्र तेवढं आलं, सराव आला नाही. मुलं कंपासनं वर्तुळ काढतात, खाने भरतात, गुण घेतात.

त्याच अभ्यासक्रमात शिकलेल्या योसेफ आल्बर्सनं पुढे अमेरिकेत रंगांऐवजी रंगीत कागद वापरून शिकवलं. त्याचं पुस्तक 1963 चं. आम्ही जुन्या लग्नपत्रिका वापरतो. एकाच राखी कागदाच्या दोन पट्ट्या कापायच्या, एक हळदी रंगाच्या पत्रिकेवर ठेवायची, दुसरी गडद जांभळ्या. हळदीवरची पट्टी निळसर आणि काळपट दिसते, जांभळ्यावरची उजळ, किंचित पिवळट. दोन्ही एकाच कागदाच्या, हे मुलांना खरं वाटत नाही; उचलून जोडून बघतात, परत ठेवतात, पुन्हा तेच. पॅरिसच्या गोबलँ गालिचा कारखान्यात काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. रसायनतज्ज्ञ शेव्रलनं तपास केला तर दोष रंगाचा नव्हता, शेजारच्या धाग्यांचा होता. त्यातून त्याचा 1839 चा ग्रंथ झाला.

दिवाळीत एक करून बघा. पिवळी आणि निळी रांगोळी चिमटीनं मिसळा. वाटीतल्या पोस्टर रंगासारखा हिरवागार येणार नाही. राखाडीकडे झुकलेला मळका हिरवा येईल. कण सुटे राहतात, प्रत्येक आपापला उजेड परत पाठवतो आणि लांबून डोळा त्यांची सरासरी काढतो. धूपछाव पैठणीत तेच होतं: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, आणि पदर हलला की एकाचा जोर वाढतो. साहित्य बदललं की हिशेब बदलतो. त्या मुलीनं वर्गात केलं ते चुकीचं नव्हतं, हे तिला मी नंतर रांगोळीच्या दोन पुड्या देऊन सांगितलं.

सध्या वर्गात पांढऱ्याचं काम चालू आहे. छुही माती, चुना, न रंगवलेलं कोसा रेशीम, झेरॉक्सचा कागद. सगळ्यांत पांढरं कोणतं? छुहीनं पोतलेली भिंत एरवी शुभ्र वाटते, कागद टेकवला की पिवळी पडते. कागदात चकाकीसाठी एक द्रव्य घातलेलं असतं. ते उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन निळसर उजेड सोडतं. एलईडीखाली ते किरण जवळजवळ नसतात, म्हणून कागदाचा तोरा कमी होतो. खिडकीशी आणि दिव्याखाली, दोन्हीकडच्या नोंदी वहीत हव्यात असं मी सांगितलंय. चुन्याच्या जागेवरून अजून वाद चालू आहे.