सेंट अँड्र्यूजचे गायरान

गोल्फचे मैदान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच कुंपण, फाटकावरचा पहारेकरी आणि ‘आत येण्यास मनाई’ अशी पाटी उभी राहते. मीही तेच मनात धरून स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी गेलो होतो. माझा पुतण्या एडिंबरोला नोकरीस आहे. एका रविवारी त्याने आम्हा उभयतांना आगगाडीने ल्यूकर्स स्टेशनापर्यंत आणि तेथून बसने या समुद्रकाठच्या गावी नेले.

गोल्फचे माहेरघर म्हणून हे गाव जगात प्रसिद्ध आहे. येथील ‘ओल्ड कोर्स’ मैदानावर खेळायला मिळावे म्हणून परदेशचे लोक सोडतीत नाव घालतात. आम्ही पाहतो तो काय, मैदानात एकही खेळाडू नाही! म्हातारी माणसे फिरताहेत, पोरे धावताहेत, कुत्री हुंदडताहेत. मी कडेलाच थबकलो. पुतण्या हसून म्हणाला, “काका, चला की आत! मोठी स्पर्धा नसली तर रविवारी इथं खेळ बंद असतो. आज मैदान गावाचं.”

आत शिरलो. आमच्या सौ. वाकून गवत चाचपीत म्हणाल्या, “अहो, इथं चार म्हशी सोडल्या तर काय दूध देतील!” बोलणे थट्टेचे, पण खोटे नव्हते. समुद्राची वाळू आणि मागची शेते यांच्यामधली ही रेताड पड. नांगराला निरुपयोगी, म्हणून चराईला राहिली. तिला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. मधून एक ओढा वाहतो. त्यावरचा लहानसा दगडी पूल सुमारे सातशे वर्षांपूर्वी मेंढपाळांना कळप पलीकडे नेता यावेत म्हणून बांधला, असे सांगतात. आज नामवंत खेळाडू त्याच पुलावर उभे राहून फोटो काढून घेतात.

मात्र ही जमीन गावाकडे आपोआप राहिलेली नाही. १५५२ मध्ये तेथील मुख्य धर्मगुरूंच्या सनदेत लिंक्सवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क नोंदला गेला. पुढे १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि लिंक्स ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी जमीन पोखरली. गावकरी आणि ससेवाले यांच्यात वीसेक वर्षे कोर्टकज्जे व हाणामाऱ्या चालल्या. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने जागा विकत घेतली तेव्हा खेळ वाचला. मालकी मात्र खासगीच राहिली. अखेर १८९४ मध्ये पार्लमेंटने खास कायदा केला आणि लिंक्स नगरपालिकेच्या ताब्यात आली. पुढे नगरपालिकाच बरखास्त होणार असे दिसताच १९७४ मध्ये नवा कायदा होऊन कारभार विश्वस्तांकडे गेला. आज गावकऱ्यांना स्वस्तात वर्षाचा पास मिळतो. एक रस्ता तर मैदान आडवे कापून समुद्राकडे जातो. त्यावरून कोणी चालले असेल तर खेळणाऱ्याला थांबावे लागते.

पुतण्या म्हणाला, “काका, अमेरिकेत गोल्फच्या मैदानाभोवती घरांच्या वसाहती असतात. लोक घरमालक संघाची वर्गणी भरतात, खिडकीतून हिरवळ बघतात. पण मैदान पुष्कळदा वेगळ्याच क्लबाचं किंवा कंपनीचं. सभासद नसेल त्याला आत पाऊल टाकता येत नाही. मैदान विकायला निघालं की मग हे लोक खरेदीखतं घेऊन कोर्टात धावतात.”

“आणि खतात काय लिहिलेलं असतं?” मी विचारले.

“तीच तर मेख आहे. हक्क लिहिलेला असेल तर टिकतो. नसेल तर नुसती खिडकी!”

परतीच्या बसमध्ये मला आमच्या गावचे गायरान आठवत होते. लहानपणी मी तेथे गुरे राखली. आज तेथे कोणाचे खळे, कोणाचा गोठा, कोणाचा ऊस. आणि खरे सांगायचे तर त्यातल्या चार सऱ्या आमच्याच भावकीच्या आहेत. घरात भांडण नको म्हणून मी आजवर गप्प बसलो. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्व राज्यांना बजावले, तेही मी वर्तमानपत्रात वाचून घडी घालून ठेवले होते.

घरी आल्यावर गायरानाचा सातबारा आणि नकाशा काढून आणला. ग्रामसभेत विषय मांडावा असे मनात होते. सौ. म्हणाल्या, “आधी आपल्या घरच्या सऱ्या मोकळ्या करा, मग लोकांना सांगा.”

म्हणणे रास्त होते. यंदाचा ऊस तुटला की तिथे पुन्हा लागण करायची नाही, असे मी भावकीला सांगितले आहे. धाकटा चुलतभाऊ अजून बोलत नाही. पण ग्रामसभेला मी जाणार आहे, आणि नकाशाही बरोबर नेणार आहे.