पेटीतली माणसं

आमच्या पिढीच्या घरांत कागद हरवत नसे. तो पेटीत असे. जन्मटिपण? पेटीत. शेताचं खरेदीखत? पेटीत. मामाची मॅट्रिकची गुणपत्रिका, लग्नाची याद, सोनाराची जुनी पावती? पेटीत. पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक, आणि तिची किल्ली आजीच्या कनवटीला.

रोजची पत्रं आधी खुंटीच्या तारेत टोचली जात. तार भरली की आजोबा निवाडा करत: हे ठेवायचं, हे बंबात. बारशाचं, मुंजीचं, लग्न ठरल्याचं कार्ड पेटीत जाई. कोणी गेल्याचं पत्र मात्र वाचून लगेच फाडायची रीत. त्यामुळे कितीतरी घरांत पणजी गेल्याचं साल कुणाला सांगता येत नाही. श्राद्धाची तिथी तेवढी ठाऊक असते.

मोडीतले कागद मादरपाटाच्या रुमालात बांधलेले, आत वेखंडाच्या कांड्या. पावसाळा सरला की रुमाल सुटत. कागद उन्हात नाही, पडवीत सावलीला पसरायचे, कसर झटकायची. आम्हा मुलांचं काम एकच: वाट्या, अडकित्ते, जे सापडेल ते कागदांवर ठेवून ते उडू न देणं. मोडी वाचता येत नसे, पण तो कागद आपला आहे हे कळत असे.

फोटोंच्या अल्बमची पानं काळी, चार कोपऱ्यांत अडकवलेला फोटो, मधे सळसळणारा पातळ कागद. ते कृष्णधवल फोटो आजही बघावेत. पुढे चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचे अल्बम आले. घरोघर त्यांचं फार कौतुक झालं. त्यांचा गोंद पिवळा पडला आणि रंगीत फोटो तांबूस होऊन तिथंच चिकटून बसले. फाटल्या कागदाला लावलेल्या चिकटपट्टीनंही तपकिरी डागच ठेवले. त्यापेक्षा घरची खळ बरी होती.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत अशा किती पेट्या चिखलात गेल्या! फोटोची दुसरी प्रत परगावच्या आत्याकडे असली, तरच आजोबांचा चेहरा घरी परत आला. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांचंही मोल तेच. गाव आणि आडनाव सांगावं, पानं उलटली जावीत, आणि पणजोबांचं नाव समोर यावं, त्यांच्या भावांसकट.

आता फोटो फोनमध्ये मावेनात, पण नावं कुठेच नाहीत. पेटीतला जाड पुठ्ठ्यावरचा तो एक फोटो काढून बघा. पगडीवाले खुर्च्यांत, नऊवारीतल्या बायका मागे उभ्या, आणि खाली मांडी घालून बसलेला एक मुलगा ऐन वेळी हललेला, चेहरा पुसट. तो कोण? ओळखणारी एखादी आत्या, एखादे काका अजून आहेत. त्यांच्याकडे याच रविवारी जा. जाताना मऊ शिशाची पेन्सिल न्या, बॉलपेन नको. त्याचा दाब पुढून उमटतो. मागच्या कडेला हलक्या हातानं लिहा: नाव, नातं, गाव, साल. लॅमिनेशन अजिबात करू नका. आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या भावंडाकडे द्या.