महानायकाचा हंबरडा

जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, त्याच्या चारित्र्यावरून दोन शहाणी माणसे एकमेकांशी कडाडून भांडतात, हा कथेच्या सामर्थ्याचा एक विलक्षण पुरावा म्हटला पाहिजे. शेजाऱ्याच्या बांधावरून भांडणारी माणसे मी पाहिली आहेत. तेथे निदान जमीन तरी खरी असते. परंतु सुपरमॅन किंवा बॅटमॅन यांची भूमिका कोणी करावी, त्यांनी पडद्यावर काय करावे आणि काय करू नये, यावरून जे वाद चालतात, त्यांत कोणाच्याच पदरात काही पडत नाही. तरीही ते तितक्याच त्वेषाने चालतात.

आमच्या धर्मग्रामातील युवक-युवती रविवारच्या मिस्सेनंतर सभागृहाच्या पायऱ्यांवर रेंगाळतात आणि अनेकदा त्यांच्या वादाचा विषय हाच असतो. ‘फादर, पोरं उपदेश पाच मिनिटांत विसरतात आणि सिनेमा पाच वर्षं लक्षात ठेवतात,’ अशी एका वडीलधाऱ्या गृहस्थांची तक्रार आहे. तक्रार खरी आहे, पण मला तिच्यात दुःखापेक्षा कुतूहलच अधिक वाटते. तरुण माणसे एखाद्या गोष्टीवर पोटतिडकीने भांडत असतील, तर त्या गोष्टीत त्यांचे काहीतरी मोलाचे गुंतलेले असते. ते काय आहे हे कळावे, म्हणून मी त्या पायऱ्यांवर बसू लागलो.

प्रथम कलावंतांच्या निवडीचे पाहू. १९८८ साली टिम बर्टन या दिग्दर्शकाने बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकल कीटन या नटाची निवड केली, तेव्हा अमेरिकेत मोठा गहजब झाला. कीटन विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध होता. ‘मिस्टर मॉम’ या १९८३ च्या चित्रपटात तो घरी राहून मुले सांभाळणारा गोंधळलेला बाप झाला होता. असा माणूस आई-वडिलांच्या हत्येचे दुःख उरात घेऊन रात्री-बेरात्री शहर राखणारा बॅटमॅन कसा होणार? निर्मात्यांकडे निषेधाची सुमारे पन्नास हजार पत्रे गेली, असे सांगितले जाते. १९८९ च्या जूनमध्ये चित्रपट झळकला आणि त्याच कीटनला लोकांनी डोक्यावर घेतले. पुढे २००६ साली जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजर या तरुण नटाचे नाव जाहीर झाले, तेव्हाही चाहत्यांनी नाके मुरडली. २००८ च्या जानेवारीत लेजर अकाली मरण पावला. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘द डार्क नाइट’ प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी त्या भूमिकेसाठी त्याला मरणोत्तर ऑस्कर पारितोषिक मिळाले.

या हकिकती ऐकताना मला पवित्र शास्त्रातील दोन प्रसंग आठवतात. इशायच्या घरी राजाची निवड करायला गेलेला शमुवेल थोरल्या मुलाचा धिप्पाड देह पाहूनच प्रभावित झाला होता. देवाने मात्र मेंढरे राखणाऱ्या धाकट्याला बोलावून घ्यायला लावले. आणि फिलिपाने मसीहा सापडल्याची वार्ता आणली, तेव्हा नथनेलाने त्याच्या गावाचे नाव ऐकूनच शंका काढली. तारणारा कसा दिसावा, कोठून यावा, याचे एक चित्र माणसाच्या मनात आधीच रंगवलेले असते आणि प्रत्यक्ष व्यक्ती त्या चौकटीत बसली नाही की तो अस्वस्थ होतो. उपवासकाळात दुःखसहनाच्या नाट्याची जुळवाजुळव करताना हा अनुभव आपल्या गावोगावच्या चर्चलाही येतो. येशूची भूमिका कोणाला द्यावी, यावर जेवढी कुजबुज होते, तेवढी पिलाताच्या भूमिकेवर होत नाही. कारण पिलाताविषयी आपण मनात काही जपून ठेवलेले नसते.

निवडीच्या वादांना असा एक निरागस गोडवा आहे. कथेच्या वळणांवरचे वाद मात्र अधिक खोल जातात.

१९८८ सालीच बॅटमॅनच्या चित्रकथांच्या प्रकाशकांनी एक अजब प्रयोग केला. बॅटमॅनचा तरुण साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड हा मुलगा, वाचकांपैकी अनेकांना आवडेनासा झाला होता. जोकर त्याला अमानुष मारहाण करतो, स्फोट होतो आणि अंक तेथेच संपतो. मुलगा जगावा की मरावा, हे वाचकांनी दूरध्वनी करून ठरवायचे होते. त्यासाठी दोन क्रमांक दिले होते आणि प्रत्येक फोनला पैसे पडत होते. तो जगावा म्हणून ५,२७१ मते पडली आणि मरावा म्हणून ५,३४३. ७२ मतांनी तो मुलगा मेला. कागदावरच मेला, हे खरे. पुढे अनेक वर्षांनी लेखकांनी त्याला परतही आणले. पण हे आकडे एका युवकाने मला सांगितले, तेव्हा माझ्या मनात पिलाताचे अंगण उभे राहिले. कोणाला सोडावे आणि कोणाला मारावे हे गर्दीला विचारले की गर्दी उत्तर देते. तिला न विचारण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते.

आता सुपरमॅनकडे वळतो, कारण आमच्या पायऱ्यांवरचा सर्वांत दीर्घ वाद त्याच्यावरूनच झाला. १९३८ साली क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्मिलेला हा नायक प्रथम छापला गेला. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील होते. नष्ट होणाऱ्या जगातून आई-बाप आपल्या तान्हुल्याला एका यानात घालून पाठवतात आणि परकी माणसे त्याला वाढवतात, ही कथा वाचताना लव्हाळ्याच्या पेटीतील मोशे कोणालाही आठवेल. कालांतराने ख्रिस्ती लोकांना तिच्यात एकुलत्या पुत्राचीही छाया दिसू लागली.

२०१३ साली आलेल्या झॅक स्नायडर यांच्या ‘मॅन ऑफ स्टील’ या चित्रपटाने तर ही छाया गडद करून दाखवली. यातील सुपरमॅन तेहतीस वर्षांचा आहे. संकटाच्या घडीला तो एका चर्चमध्ये धर्मगुरूंचा सल्ला घ्यायला येतो आणि त्याच्या मागे रंगीत काचेत गेथशेमनी बागेत प्रार्थना करणारा येशू दिसतो. एवढ्यावर न थांबता, चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी अमेरिकेतील पाळकांना खास खेळांची निमंत्रणे गेली आणि ‘येशू हाच मूळ महानायक’ अशा आशयाच्या तयार प्रवचनाचे टिपणही पुरवण्यात आले. शनिवारी रात्री उशिरापर्यंत प्रवचनाची जुळणी करणारा धर्मगुरू म्हणून मला त्या आयत्या टिपणाचा मोह समजू शकतो. तरीही ते मी स्वीकारले नसते. का, ते पुढे येईलच.

चित्रपटाच्या शेवटी झॉड हा शत्रू रेल्वे स्थानकात एका कुटुंबाला कोंडीत पकडतो. त्याच्या डोळ्यांतून निघणारा अग्नी त्या मुलाबाळांकडे सरकू लागतो. सुपरमॅन त्याची मान आवळून त्याला थांबण्याची विनवणी करतो. झॉड थांबत नाही. तेव्हा सुपरमॅन त्याची मान मोडतो आणि गुडघे टेकून हंबरडा फोडतो.

यावर जगभरचे चाहते दुभंगले. सुपरमॅन कधीही जीव घेत नाही, तोच तर त्याचा धर्म, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसरा मार्गच नव्हता, असे दुसऱ्याचे. चित्रपटाचे एक निर्माते ख्रिस्तोफर नोलन यांनाही आधी हा शेवट पटला नव्हता. आमच्या पायऱ्यांवर पोलीस भरतीची तयारी करणारा एक युवक होता. तो म्हणाला, ‘फादर, त्या कुटुंबाच्या जागी माझी आई असती, तर मी एक क्षणही थांबलो नसतो.’ दुसरा उसळून म्हणाला, ‘मग तुझ्यात आणि सुपरमॅनमध्ये फरक काय?’ दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

गोरेगावच्या सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला शिकलेले संत थॉमस अक्वायनस मला तेथे उपयोगी पडले. स्वसंरक्षणाच्या कृतीला दोन परिणाम असू शकतात, असे ते म्हणतात: एक, जीव वाचणे, दुसरा, हल्लेखोराचा मृत्यू. पहिला हेतू असेल आणि बळ आवश्यकतेपुरतेच वापरले असेल, तर ती कृती निषिद्ध नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथानुसार, ज्याच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी असे संरक्षण हे गंभीर कर्तव्यही ठरू शकते. भावी पोलिसाचा चेहरा खुलला. मला वाटले, वाद मिटला.

तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेली एक मुलगी म्हणाली, ‘फादर, त्याचं चुकलं नव्हतं, तर मग तो ओरडला का? आणि ओरडला, तर पुढच्याच प्रसंगात सगळं विसरून कसा गेला?’

तिचे निरीक्षण अचूक होते. त्या हंबरड्यानंतर पडद्यावर थोड्याच वेळात थट्टा-विनोद सुरू होतो. योगायोग असा की, १९८८ साली जॉन बर्न या लेखक-चित्रकाराने चित्रकथेतही सुपरमॅनच्या हातून झॉड आणि त्याच्या दोन साथीदारांना देहदंड देवविला होता. परंतु तेथे ती कृती सुपरमॅनचा पिच्छा सोडत नाही; त्याचे मन ढासळते आणि अखेरीस तो पृथ्वी सोडून अंतराळात एकटा भटकत राहतो. ‘मारले ते योग्य की अयोग्य’ यावर चाहते वर्षानुवर्षे भांडले. ‘मारल्यानंतर त्या माणसाचे काय झाले’ हा त्या मुलीचा प्रश्न मला अधिक ख्रिस्ती वाटला.

याचे कारण एक सेवानिवृत्त मोटरमन आहेत. त्यांच्या अनुमतीने हे लिहितो. ते लोकल गाडी चालवीत असताना एक माणूस रुळांवर येऊन उभा राहिला. त्यांनी ब्रेक लावला, पण भरधाव गाडी जागच्या जागी थांबत नसते. चौकशीत त्यांचा कणभरही दोष आढळला नाही. ‘फादर, कागदावर मी मोकळा आहे,’ ते मला म्हणाले, ‘पण त्या माणसानं शेवटी माझ्याकडं पाहिलं होतं.’ दरवर्षी त्या तारखेला ते एक मिस्सा अर्पण करवतात. चर्चच्या वहीत मृताच्या नावाची जागा कोरी असते, कारण ते नाव त्यांना कधी कळलेच नाही. मी त्यांना ‘तुमचा दोष नाही’ असे अनेकदा सांगितले आहे. ते मान डोलावतात आणि पुढल्या वर्षी पुन्हा येतात. त्यांना दोषमुक्ती नको आहे. तिची गरजही नाही. त्यांना शोक करायला जागा हवी आहे.

प्राचीन ख्रिस्तसभेला ही गरज कळली होती. चौथ्या शतकातील संत बाझिल यांनी एका पत्रात लिहिले आहे की, युद्धात घडलेल्या वधाला पूर्वसूरींनी खून मानले नाही. तरीही अशा सैनिकांनी तीन वर्षे ख्रिस्तशरीर घेऊ नये, असा सल्ला देणे कदाचित बरे. आजच्या कानांना हे कठोर वाटेल. मला त्यात करुणा दिसते. युद्धावरून परतलेल्या माणसाला मिरवणुकीत नाचवण्याऐवजी बाझिल त्याला रडायला तीन वर्षे देत होते.

म्हणूनच ते आयते प्रवचन मी स्वीकारले नसते. महानायकाची कथा बळापासून सुरू होते आणि ते बळ योग्य वापरले की नाही, एवढाच तिचा प्रश्न असतो. गेथशेमनीच्या बागेत मात्र तलवार म्यानात घालायला सांगितली गेली, आणि जिच्यावर ती चालली होती, त्या शत्रूच्या चाकराचा कान बरा केला गेला. क्रूसाखाली जमलेले लोकही एका परीने चाहतेच होते; खाली उतरून ये, मग आम्ही विश्वास ठेवू, अशी त्यांची मागणी होती. कथेचा शेवट त्यांना बदलून हवा होता. प्रभूने तो बदलला नाही.

तरीही या चित्रपटांना मी मोडीत काढणार नाही. २०२५ साली जेम्स गन यांनी नवा ‘सुपरमॅन’ आणला. त्यात एका अजस्र प्राण्याशी झुंज चालली असताना सुपरमॅन मध्येच एका खारीला उचलून सुरक्षित जागी ठेवतो. प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी-खेळांत काहींना हा प्रसंग निरर्थक वाटला होता. दिग्दर्शकाने तो राखला. आमच्या युवकांतही त्यावर हसणारे आहेत आणि तोच प्रसंग सर्वांत आवडलेलेही आहेत. कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचीही देवाला आठवण असते, असे प्रभूने शिकवले. त्या शिकवणीवर मी अनेक प्रवचने दिली आहेत, आणि ती किती जणांच्या लक्षात आहेत, हे मला ठाऊक नाही. खार मात्र सर्वांच्या लक्षात आहे.

वडीलधाऱ्यांना म्हणूनच माझी एक विनंती आहे. घरातील मुले या काल्पनिक वीरांवरून भांडू लागली, तर त्यांना गप्प करू नका. त्या भांडणात आपली मुले सामर्थ्य, दया, अपराध आणि शोक यांची भाषा शिकत असतात. त्यांच्यात बसा, त्यांचे ऐका आणि संधी मिळाली, तर फक्त एवढेच विचारा: तो ओरडला, त्यानंतर त्याच्याजवळ कोण बसले?