विजेला वाट

सर्किटचे संरक्षण करणे म्हणजे बाहेरून येणाऱ्या आघातापुढे भिंत उभी करणे, असा समज या धंद्यात नव्याने पडलेल्या माणसाचा हटकून असतो. आणि 1984 साली स्थापन झालेल्या ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेच्या खारघर येथील आवारात विद्युतचुंबकीय सुसंगततेच्या चाचण्यांसाठी आपापली यंत्रे घेऊन येणाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर जी अदब आणि मनात जी धास्ती असते, तिचे मूळही बहुधा याच समजात असावे.

सर्जचा, म्हणजे विजेच्या तारेवरून येणाऱ्या क्षणिक उसळीचा, आघात तसा अगदी कायदेशीर असतो. त्याचा दाब 1.2 मायक्रोसेकंदांत शिखर गाठतो आणि 50 मायक्रोसेकंदांत निम्म्यावर उतरतो. तोच स्रोत शॉर्ट केला तर प्रवाहाचे आकडे 8 आणि 20 होतात. स्रोताचा अंतर्गत रोध 2 ओहम धरला की 1000 व्होल्टमागे 500 अँपिअर, आणि विजेच्या मीटरला 4000 व्होल्ट सोसावे लागतात म्हणजे 2000 अँपिअर. एवढा प्रवाह अडवू पाहणारा मनुष्य आपल्या बोर्डाची राख करून घेतो. खाडीकाठी वसवलेल्या नवी मुंबईत सिडकोने धारण तलाव बांधले, ते भरतीच्या वेळी दरवाजे मिटून पावसाचे पाणी पोटात घेतात आणि ओहोटी लागली की खाडीत सोडून देतात; पाण्याशी हुज्जत न घालता त्याची तजवीज करण्याची ही रीत मला आमच्या धंद्यातील कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक उद्बोधक वाटते.

ही तजवीज प्रवेशद्वाराशी व्हॅरिस्टर करतो. जस्ताच्या ऑक्साइडची ही चकती एरवी मूक असते, पण दाब हद्दीबाहेर गेला की प्रवाहाला वाट करून देते. मात्र ती किती व्होल्टची घ्यावी हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही, गावात सुटतो. 230 व्होल्टच्या पुरवठ्याला 275ची चकती पुस्तकाप्रमाणे रास्त; परंतु आपल्याकडे न्यूट्रल तुटतो, घरात 400च्या आसपास व्होल्ट शिरतात, आणि मायक्रोसेकंदांसाठी जन्मलेली ती चकती तासन् तास भाजत राहते. म्हणून मी 320ची घेतो, सर्जच्या वेळी आतल्या भागांवर थोडा अधिक दाब येईल हे पत्करतो, आणि चकतीला चिकटून थर्मल फ्यूज बसवतो. त्या फ्यूजचे चार पैसे वाचवू पाहणाऱ्या खरेदी खात्याशी माझे कधी जमले नाही.

स्थिर विजेच्या चाचणीत प्रकरण याहून नाजूक होते. 8000 व्होल्टच्या स्पर्शाने सुमारे 30 अँपिअरची पहिली उसळी एका नॅनोसेकंदाच्या आत उठते. एक सेंटिमीटर ट्रॅकचे प्रेरकत्व साधारण 10 नॅनोहेन्री असते, तेव्हा तेवढ्या बोटभरही नसलेल्या तांब्यावर 300 व्होल्ट उभे राहतात. अशी उसळी वळवणारा टीव्हीएस डायोड कितीही उत्तम असो, तो कनेक्टरपासून दूर किंवा लांब शेपटीवर टांगला असेल तर त्याची नेमणूक केवळ कागदोपत्री ठरते. म्हणून कुणी नकाशा पुढे ठेवला की मी घटकांची यादी पाहत नाही; प्रवाह कुठून आत येतो आणि कोणत्या वाटेने परत जातो, एवढेच बोट फिरवून विचारतो. पुष्कळदा ती परतीची वाट प्रोसेसरच्या पोटाखालून गेलेली असते.

जलद स्पंदांच्या चाचणीचेही मर्म हेच, फक्त तेथे आघात लहान आणि संख्येने अतोनात असतात.

अहवालात शेवटी ‘निकष ब’ लिहून येते, म्हणजे यंत्र क्षणभर चळले, पण आपले आपण सावरले. आणि मंडळी पेढे वाटतात. मी त्या वेळी व्हॅरिस्टर उतरवून 1 मिलिअँपिअरला त्याचा दाब मोजतो. चाचणीपूर्वीच्या नोंदीहून तो दहा टक्क्यांपेक्षा अधिक सरकला असेल, तर दाखला हाती असूनही मोठी चकती घालून बोर्ड पुन्हा आखावयास देतो.